बॉडी घालायची का नाही हे जिचं अंग आहे तिला ठरवू द्या

मा. संपादक साहेब, नमस्कार.

विषय बायकांच्या आतल्या कपड्यांचा, म्हणजे बॉडीचा (ब्रेसियरचा) आहे म्हणून हे पत्र बाजूला ठेवू नका ही विनंती. उन्हाळ्यात तुमच्या पेपरात रोज जळगाव-भुसावळचं तापमान येतं, ४४ झालं, ४५ झालं, पण त्या उन्हात जड छातीच्या बाईच्या अंगावर घट्ट इलॅस्टिकचा पट्टा दिवसभर असतो आणि त्याखाली काय होतं हे कुठे छापून येत नाही.

मी अमळनेर तालुक्यात २२ वर्षं ब्लाउज शिवते. एप्रिलमध्ये एक नवी सून माप द्यायला आली, छातीखालून टेप फिरवला तर एकदम कळवळली, बघते तर दोन्ही बाजूंनी चामडी लाल झालेली, ओली, मधे चिरा पडलेल्या. घरात सासरे-दीर असतात म्हणून पहाटे पाचला बॉडी घातली की रात्री अकराला काढायची, त्यात चुलीपुढे कळण्याच्या भाकरी. सासूने मेडिकलवरून ट्यूब आणून दिली होती, चार दिवस बरं वाटलं मग दुप्पट झालं. मी तिला धुळ्याच्या चामडीच्या डॉक्टरकडे घेऊन गेले कारण मला स्वतःला हे दोन वर्षांपूर्वी झालेलं. डॉक्टरीण बाईंनी सांगितलं की चामडीची घडी पडते तिथे घाम वाळत नाही आणि तिथे बुरशी धरते, दुकानातून आपल्या मनाने आणलेल्या ट्यूबमध्ये बऱ्याचदा स्टिरॉइड असतं, त्याने खाज थांबते पण बुरशी वाढते. औषध लावा, कोरडं ठेवा, आणि बरं होईपर्यंत बॉडी नको.

आता खरी अडचण इथे आहे. बारीक अंगाच्या बाईने नाही घातली तर कोणाला कळत पण नाही, आमच्यासारखीने नाही घातली की गल्लीतल्या ओट्यावरची बाईच पहिले म्हणते, काय व माय, अशी कशी बाहेर निघनी. पुरुष बघतात ते वेगळंच. मी गेली दोन वर्षं उन्हाळाभर घालत नाही, बाजारात जाते, लग्नाला जाते, पहिले पहिले पदर दोन्ही खांद्यांवरून घ्यायची, आता नाही घेत. आमची आजी लुगडं आणि गाठीची चोळी घालून कापूस वेचायची, तिने जन्मात बॉडी पाहिली नाही आणि तिला कोणी बेशरम म्हटलं नाही. अमेरिकेत मेरी फेल्प्स जेकब नावाच्या बाईने १९१४ मध्ये पेटंट घेतलं तेव्हापासूनची ही आताच्या पद्धतीची ब्रेसियर, आणि आपण असं बोलतो जसं काही रामायणापासून चालत आलीये.

मी कोणाला काढून फेका म्हणत नाही. घालायची तर मापाची घाला, आणि ते मापच मिळत नाही. छातीखालचा घेर आणि छातीचा घेर यात जितके इंच फरक तितका कप, १ इंचाला ए, २ ला बी, ३ ला सी, ४ ला डी. माझा खालचा घेर ३८ आणि वरचा ४४, म्हणजे फरक ६ चा, आणि तालुक्याच्या दुकानात माणूस लांबूनच बघून ४४ बी काढून देतो, म्हणजे पट्टा मोठा आणि कप लहान. मागचा पट्टा ढिला पडतो, खरं तर निम्म्याहून जास्त वजन त्या पट्ट्याने पेलायचं असतं, ते सगळं खांद्यावर येतं आणि खांद्यावर खाचा पडतात, माझ्या अजून आहेत. माप घ्यायला काउंटरवर एक बाई ठेवायला काय हरकत आहे?

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं की बॉडीने कॅन्सर होतो, ते पण खोटं आहे. २०१४ मध्ये अमेरिकेत सिएटलला दीड हजारावर बायकांचा अभ्यास झाला, त्यात असा काही संबंध सापडला नाही. आणि नाही घातली तर छाती उतरते म्हणून घाबरवतात, ती वयाने, बाळंतपणांनी, वजनाने उतरतेच. पण एसटी पकडायला पळायचं असेल, मळ्यात दिवसभर वाकायचं असेल तर आधार नसला की दुखतं हे खरं आहे, तेव्हा मी पण घालते.

ज्यांना घालायची नाही त्यांच्यासाठी मी कटोरी ब्लाउजला आतून सुती मांजरपाटाचं डबल अस्तर लावते आणि खालची पट्टी दोन बोटं जास्त रुंद ठेवते, हुक पुढे. आधार मिळतो, काही दिसत नाही आणि घाम कापड पिऊन घेतं. अंघोळीनंतर छातीखाली नीट पुसून जुन्या मलमलच्या साडीची घडी ठेवायची, ओली झाली की बदलायची. तुमच्या आरोग्याच्या पानावर चामडीच्या डॉक्टरांकडून या घामाच्या जखमांवर एकदा नीट लिहून घ्या, हजारो बायका हे कोणाला न दाखवता सहन करतात.

त्या सुनेला तसेच दोन ब्लाउज शिवून दिले. परवा ती परत आली, जखम वाळलीये, आणखी तीन ब्लाउज टाकून गेली, त्यातलं एक सासूच्या मापाचं.

नाव छापू नका, तालुका छापला तरी चालेल.

एक शिवणकाम करणारी बाई,
ता. अमळनेर, जि. जळगाव