नवतप्यात कूलर बंद करू नका

लीड्स, इंग्लंड, २२ मे

प्रिय दादा,

आई-बाबांना नमस्कार, वहिनीला अन् पोरांना खूप आठवण.

तू व्हाट्सॲपवर लाइट बिलाचा फोटो टाकला अन् खाली नुसतं "बघ" एवढंच लिहिलं, तो फोटो मी ड्युटीवरून येताना बसमध्ये मोठा करकरून पाहिला. सहा हजाराच्या वर बिल, अन् ते आपल्या घराचं! मग आईला फोन केला तर ती बोलता बोलता सांगून गेली की बाबा आता रात्री अकरा वाजले की कूलर बंद करतात, "मीटर लय पयते" म्हणतात, अन् दोघंही सकाळपर्यंत ओला पंचा अंगावर घेऊन पडून राहतात. तेव्हा मला काही बोलायला सुचलंच नाही. म्हणून आता हे लांबलचक लिहिते आहे, तू संध्याकाळी अंगणात बसून बाबांना पूर्ण वाचून दाखव, मधलं गाळू नको.

सगळ्यात आधी, कूलर बंद करू नका. २५ तारखेला नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले ते सगळ्यात तापणारे नऊ दिवस, लागतो, यवतमाळ-अकोल्याकडे पारा ४५ च्या वर जातो हे मी तुम्हाला इथून काय सांगू, पण दिवसाच्या तापण्यापेक्षा मला रात्रीची भीती जास्त वाटते. दिवसभर तापलेल्या अंगाला रात्री निवायला वेळ मिळाला नाही तर दुसऱ्या दिवशीचं ऊन ते अंग सोसू शकत नाही, अन् म्हाताऱ्या माणसाला तहान पण कमीच लागते. आईची बीपीची जी गोळी आहे तिने लघवी जास्त होते, म्हणजे अंगातलं पाणी आधीच कमी. बडबड सुरू झाली, अंग भट्टीसारखं तापलं अन् घाम येत नाही असं झालं की उष्माघात समजायचं, ओल्या कपड्याने पुसत, वारा घालत सरळ दारव्ह्याला दवाखान्यात न्यायचं, घरी बघत बसायचं नाही.

मी हे एवढं काऊन लिहिते तर इथे मी म्हाताऱ्या लोकांच्या वॉर्डात काम करते अन् हिवाळ्यात हेच उलट्या बाजूने बघते. २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला, गॅस महाग झाला, अन् इथे घरं गॅसनेच गरम होतात, वीजही बरीचशी गॅसवरच बनते, त्यामुळे त्या ऑक्टोबरपासून विजेचा एक युनिट ३४ पेन्स झाला, म्हणजे तेव्हाचे तीस-बत्तीस रुपये. सरकारने घरटी ४०० पौंडांची मदत दिली तरी लोक घाबरले. ८० च्या पुढचे एक आजोबा आणले होते आमच्याकडे, अंगात दोन स्वेटर, वरून कोट, अन् शरीराचं तापमान ३५ च्या खाली. घरातला हीटर बिघडलेला नव्हता, पण बिलाच्या भीतीने त्यांनी तो लावलाच नव्हता. इथे वयस्कर लोकांना सांगतात की घर १८ डिग्रीच्या खाली जाऊ देऊ नका. ते आजोबा मला सारखे बाबांसारखे दिसत होते, चेहरा नाही, तो स्वभाव, की आपल्यामुळे घरात खर्च नको.

तर बिल कमी करायचंच, पण कूलरवरून नाही. कुठून करायचं ते मी इथे शिकले. त्याच हिवाळ्यात आम्ही तिघी, मी अन् दोन केरळच्या पोरी, भाड्याच्या घरात होतो, तिथे मीटर आधी पैसे भरायचं, मोबाईलच्या रिचार्जसारखं. २० पौंड टाकले की तीन दिवसात संपायचे, रात्री अचानक सगळं अंधारात. आम्ही चार्जर काढून ठेवायचो, टीव्ही बंद, एकाच खोलीत बसायचो, तरी पैसे तेवढेच जायचे. मग मी एक वही घेतली अन् रोज सकाळी सात अन् रात्री सात मीटरचा आकडा लिहायला लागले. चौथ्या दिवशी कळलं की आम्ही घरात नसताना सुद्धा मीटर तेवढंच चालतं. शोधलं तर जिन्याखालच्या कपाटात गरम पाण्याची टाकी, तिच्यातला तीन किलोवॅटचा हीटर दिवस-रात्र चालू, अन् न्हाणीतला गरम पाण्याचा नळ थेंब थेंब गळत होता, म्हणजे टाकी तापवा अन् पाणी गटारात सोडा. वायसर बदललं, हीटर सकाळी एक तास लावायचं ठरवलं, अन् तेच २० पौंड आठ दिवस पुरायला लागले. तेव्हापासून मला पक्कं माहिती आहे, जे तापवतं, थंड करतं किंवा पाणी ओढतं ते पहिले बघायचं, अन् जे चोवीस तास चालू असते ते बघायचं. मोबाईलच्या चार्जरवरून पोरांना रागावू नका, त्यात काही नाही.

आता आपलं बिल. बाबा म्हणतात मीटर खराब आहे, म्हणून मी फोटोतलं मागील रीडिंग अन् चालू रीडिंग बघितलं, बिलावर मीटरचा फोटो असतो त्याच्याशी जुळवलं, बरोबर आहे, सरासरीने काढलेलं बिल नाही ते. युनिट ४४७. अन् ते दुसरं बिल आलं ना ज्याच्यावरून बाबा संतापले, ते सुरक्षा ठेवीचं आहे, वर्षभराचा वापर वाढला की वाढीव ठेव मागतात, ती आपल्याच नावाने जमा राहते अन् तिच्यावर व्याज मिळतं, ते लाइट बिल नव्हे.

एवढे पैसे कसे झाले, तर आपल्याकडे युनिट टप्प्याने महाग होतं. पहिले १०० स्वस्त, १०१ ते ३०० जवळपास दुपटीने, ३०१ ते ५०० त्याच्याहूनही महाग. त्याच्यावर स्थिर आकार, वहन आकार, कधी इंधन समायोजन, अन् शेवटी १६ टक्के वीज शुल्क. म्हणजे आपले जे ३०० च्या वरचे १४७ युनिट आहेत ते सगळ्यात महागाचे आहेत, आपल्याला मारायचे तेच आहेत.

मी आईला विचारून विचारून हिशोब केला, चुकला असेल तिथे दुरुस्त कर. दोन कूलर, २०० वॅटचे, १४-१४ तास, महिन्याचे १६८ युनिट. तीन पंखे, जुने, ७५ वॅटचे, रोज १५ तास, १०१. फ्रिज ६०. पाण्याची मोटर रोज तासभर, ३०. टीव्ही १२. अन् दादा, हे नीट वाच, गोठ्यातला अन् अंगणातला बल्ब, दोन्ही १०० चे पिवळे, रात्रभर दहा तास, त्यांचे ६०. घरातल्या फ्रिजएवढं ते दोन बल्ब खातात! देवघरातला झिरोचा बल्ब पण शून्याचा नसतो बरं, तो १५ वॅटचा असतो अन् चोवीस तास चालू राहतो, त्याचे ११. सगळे मिळून ४४२, बाकीचे मिक्सर अन् मोबाईल.

आता त्यातले कोणते काढायचे? दोन पिवळे बल्ब काढून ९ वॅटचे एलईडी लाव, महिन्याचे ५४ वाचले. देवघरात अर्ध्या वॅटचा छोटा एलईडी, आईला म्हणावं देवाला तो पण चालतो, दहा वाचले. मोटर तासभर चालते कारण वरची टाकी भरून पाणी न्हाणीमागे वाहत राहते, मी मागच्या दिवाळीत पाहिलं होतं, तिला टाकी भरली की मोटर आपोआप बंद करणारा फ्लोट स्विच लाव अन् फूट वॉल्व्ह, म्हणजे पाणी ओढणाऱ्या पाइपाच्या खालच्या टोकाची झडप, तपासून घे, मोटरचं काम अर्ध्या तासात होईल, १५ वाचले. मागच्या खोलीतला कूलर दिवसभर रिकाम्या खोलीला हवा देतो, तो पोरं झोपतात तेवढे आठ तास लावा, ३६ वाचले. हे झाले ११५, अन् खर्च हजाराच्या आतच.

मग पंखे. बीएलडीसी म्हणतात ते पंखे ३० वॅटच्या आसपास घेतात. अडीच-तीन हजाराला एक येतो, एकदम तीन नको घेऊ, मी पुढच्या महिन्यात पैसे पाठवते तेव्हा आधी ओसरीतला बदल कारण तो सगळ्यात जास्त चालतो. तिन्ही झाले की अजून ६० युनिट जातात अन् आपण २७० वर येतो, ३०० च्या खाली, मग बिल जवळपास निम्म्यावर यायला पाहिजे. अन् आई-बाबांचा कूलर रात्रभर चालू ठेवूनच हा हिशोब आहे, त्यातला एक तास पण मी कमी केलेला नाही, बाबांना हे वाक्य दोनदा वाचून दाखव.

कूलरबद्दल अजून थोडं. त्याच्या समोरची खिडकी उघडी पाहिजे, ओली हवा बाहेर गेली नाही तर खोली नुसती दमट होते अन् आपण स्पीड वाढवत बसतो. ताट्या पांढऱ्या क्षाराने भरल्या असतील तर बदलून टाका, वाळ्याच्या मिळाल्या तर उत्तम. कूलरवर ऊन येत असेल तर वर तट्ट्या बांध. अन् पाण्याला हात लावताना पिन काढायची, पोरांना पण सांग, दरवर्षी आपल्याकडे कूलरचा करंट लागून माणसं जातात.

खरं तर आपलं कवेलूचं घर होतं तेव्हा एवढं तापत नव्हतं, स्लॅब टाकला अन् रात्री दोन वाजेपर्यंत वरून आग येते. स्लॅबवर चुन्याचे दोन हात मार या आठवड्यात, पांढरं छत ऊन परत फेकतं, अन् त्याच्यावर जुनी पोती अन् पऱ्हाट्या सावलीसाठी टाकल्या तरी फरक पडतो, फक्त आगीपासून सांभाळा. चुना स्वस्त आहे अन् त्याला युनिट लागत नाही.

वहिनीचा एसीचा विचार आहे असं कळलं. वहिनी, माझा विरोध नाही, आईसाठी लागलाच तर मीच पैसे देईन, पण दीड टनाचा एसी सुरू असताना सात-आठ कूलरएवढी वीज ओढतो, अन् आधी स्लॅबला चुना झाला नाही तर तो बंदच होत नाही. घेतलाच कधी तर स्टार बघून घ्या अन् २४ वर ठेवा, १८ वर ठेवल्याने खोली लवकर थंड होत नाही, नुसता बंद न होता चालत राहतो. फ्रिजचं पण बघा, दाराच्या रबरात कागद धरून दार लावायचं, कागद सहज ओढून निघाला तर रबर गेलं. अन् तो चुलीजवळून थोडा सरकवा, भिंतीपासून वीतभर पुढे.

एक काम मात्र तू उद्याच कर. घरातली सगळी बटणं बंद, सगळ्या पिना काढलेल्या, मेन चालू, अन् मीटरवरचा लाल दिवा बघ. लुकलुकला तर कुठेतरी वायरिंगमधून करंट गळतो. मला गोठ्याच्या वायरचा संशय आहे, ती निंबाच्या फांदीवरून गेली आहे अन् घासून तिचं वरचं कव्हर गेलेलं आहे. मेन बंद करूनही लुकलुकत असेल तर मग मीटर तपासायचा अर्ज दे. गळती असली तर पैशाचं सोड, मृगाचा पाऊस पडला की त्या खुंट्याला म्हैस बांधलेली असते, अन् सकाळी धार काढायला आई जाते. वायरमनला बोलावून ती वायर बदल अन् बोर्डावर शॉक बसताच ट्रिप होणारं ते ईएलसीबी बसवून घे, त्याचे पैसे मी आजच टाकते.

सोलरचं बाबा विचारत होते. सरकारच्या सूर्यघर योजनेत छतावरच्या दोन किलोवॅटला ६० हजार सबसिडी आहे, तीनला ७८ हजार, अन् एक किलोवॅट रोज चारेक युनिट देतं, म्हणजे दोन किलोवॅटमध्ये महिन्याला २४० च्या आसपास. आपल्याला पुरतं. पण मीटर अजून आजोबांच्या नावावर आहे ना, ते आधी बाबांच्या नावावर कर, त्याशिवाय पुढे अडेल. अन् बाबांना हे पण सांग की बॅटरी नसेल तर लाइन गेली की सोलर पण बंद होतं, लोडशेडिंगमध्ये चालेल असं कोणी सांगत असेल तर ऐकू नका. कापसाचे पैसे हातात आले की दिवाळीनंतर बघू, अर्धे मी देते. शेतातल्या पंपाचं बिल वेगळं आहे, साडेसात एचपीपर्यंत ते सध्या माफ आहे, त्याची यात सरमिसळ करू नको.

आई, गोळी बंद करू नको पण दारव्ह्याच्या डॉक्टरला उन्हाळ्यात तीच चालू ठेवायची का हे एकदा विचारून ये, दादा नेईल. रात्री उशाशी पाण्याचा तांब्या ठेव, तहान नसली तरी पी. बाबा, तुम्ही मला इकडे पाठवताना दोन एकर ठेक्याने दिलं होतं, मी ते विसरले नाही, कूलरच्या रात्रभराचे महिन्याला जे काय पैसे होतील ते माझ्याकडे लागले. आज अकरा वाजता ते बटण दाबू नका.

दादा, उद्यापासून रोज सकाळी सातला मीटरचा फोटो मला पाठव, छोट्याला ते काम दे, त्याला आकडे वाचायला आवडतात. मी इथे वहीत लिहिते. पहिला फोटो आला की लगेच फोन करते, तुमच्या सकाळी सातला इथे रात्रीचे अडीच वाजलेले असतात, पण या आठवड्यात माझी रात्रपाळी आहे, मी जागीच असते.

तुझी,
ताई