अमेरिकेत प्रयोग करणाऱ्या लेकीस पत्र

चि. सायलीस अनेक आशीर्वाद.

न्यू जर्सीतल्या एडिसन गावाहून लिहिलेले तुझे पत्र पोहोचले. तेथल्या मराठी मंडळाच्या अध्यक्षांची नक्कल एकपात्रीत घालावी असे तुझ्या मनात आहे, परंतु ज्यांनी आपल्याला बोलावले आणि घरी उतरवून घेतले त्यांचीच त्यांच्यासमोर थट्टा करणे बरे दिसेल का, अशी शंका तू विचारली आहेस. याला माझ्यापाशी हो किंवा नाही असे एका शब्दातले उत्तर नाही. मात्र तू उतरली आहेस तेथून फार दूर नसलेल्या न्यूयॉर्कच्या मलबेरी स्ट्रीट या इटालियन वस्तीच्या रस्त्यावर एका नटाने हाच प्रश्न आयुष्यभर रंगमंचावर हाताळला, त्याची हकीकत तुला सविस्तर सांगावीशी वाटते. सगळा जन्म रंगपटात गेल्यामुळे अशा बहुरूप्यांविषयी मिळेल ते वाचण्याची मला खोडच आहे.

त्याचे नाव एदुआर्दो मिल्याच्चो. लोक त्याला फार्फारिएल्लो या रंगमंचावरच्या नावानेच ओळखत. जन्म १८८२ चा, दक्षिण इटलीतील सालेर्नोजवळच्या कावा दे तिर्रेनी या गावचा. नेपल्सला चित्रकला शिकलेला हा मुलगा १८९७ साली अमेरिकेत आला, पेनसिल्व्हेनियातील हेझलटन या कोळशाच्या खाणींच्या गावी काही काळ राहिला आणि पुढे न्यूयॉर्कमध्ये एका इटालियन पेढीवर कारकुनीला लागला. त्या पेढ्या नावाच्याच बँका होत्या. मजुरांचे पैसे गावी पाठवणे, आगबोटीची तिकिटे विकणे आणि लिहिता न येणाऱ्यांची पत्रे लिहून देणे, असा त्यांचा सगळा कारभार असे. हा पोरगा पत्रे लिहून देई. म्हणजे गावच्या कर्जाची, मुकादमाने बुडवलेल्या मजुरीची, बायकोकडून बरेच दिवसांत उत्तर न आल्याची गाऱ्हाणी त्याने मेजापलीकडे बसलेल्या माणसांच्या तोंडून, त्यांच्याच शब्दांत ऐकली. त्याची खरी तालीम तेथे झाली, असे माझे मत आहे.

१९०० च्या सुमारास तो मलबेरी स्ट्रीटवरच्या कॅफेत गाऊ लागला. टेबले मांडलेली, वाईनचे पेले भरलेले, तंबाखूचा धूर कोंदलेला आणि प्रेक्षकही गाण्यात मध्येच सूर मिसळणारे, असे ते स्थळ होते. नेपल्समध्ये तेव्हा ‘माक्किएत्ता’ नावाचा प्रकार गाजत होता. एक नट एका माणसाचे सोंग घेऊन येतो, थोडे गातो, थोडे बोलतो आणि दहा मिनिटांत त्या माणसाची अख्खी कुंडली मांडून जातो. निकोला माल्दाचेआ हा त्यातला नामवंत, आणि फार्फारिएल्लोने सुरुवातीला त्याचीच सोंगे केली. परंतु समोर बसलेला प्रेक्षक नेपल्सचा असला तरी त्याचे जगणे आता नेपल्सचे राहिलेले नाही, हे त्याने लवकरच हेरले आणि स्वतःची सोंगे लिहायला घेतली: बर्फवाला, नववधू, दाई, गुंड, नटवी गायिका, नुकताच बोटीवरून उतरलेला भांबावलेला शेतकरी. अशी त्याने शेकडो लिहिली.

तुझ्या कामाचा भाग आता येतो. एका रात्री तो लागोपाठ पाच-सहा पात्रे उभी करी आणि प्रत्येक वेळी टोपापासून जोड्यांपर्यंत सगळा वेश बदलून येई. टोप, मुखवटे, कपडे तो स्वतः करीत असे. चित्रकलेचे शिक्षण येथे कामी आले. नुसती टोपी फिरवून किंवा उपरणे खांद्यावरून डोक्यावर घेऊन पात्र बदलण्याची आपल्याकडची रीत मला प्रिय आहे, तुला मी तीच शिकवली, आणि तिच्यात प्रेक्षकाच्या कल्पनेला वाव असतो हेही खरे. पण त्याच्या प्रेक्षकाला कल्पना करायची नव्हती. त्याला आपला शेजारी जसाच्या तसा, त्याच्या वाढलेल्या पोटासकट पाहायचा होता. १९१९ साली कार्ल व्हॅन व्हेक्टन या अमेरिकन समीक्षकाने त्याच्यावर लेख लिहिला आणि पुढे एडमंड विल्सन या समीक्षकानेही त्याची दखल घेतली, तेव्हा उरलेल्या न्यूयॉर्कला या माणसाचा थोडाफार पत्ता लागला. मलबेरी स्ट्रीटला अशा लेखांची काही गरज नव्हती.

तुझ्या अध्यक्षांचे जे भाऊबंद त्याच्या सोंगांत होते, ते म्हणजे इटालियन मंडळांचे अध्यक्ष. एकेका गावच्या लोकांनी अमेरिकेत आपापले परस्पर साहाय्य मंडळ काढलेले असे. दरमहा वर्गणी भरायची, आजारपणात मदत घ्यायची, मेल्यावर अंत्यसंस्काराची सोय करायची आणि वर्षातून एकदा गावच्या संताची मिरवणूक बँड लावून काढायची. दिवसभर खड्डे खणणारा माणूस अशा मंडळात पट्टा आणि पदके लावून पुढे चालू शकत असे. फार्फारिएल्लोने हा अध्यक्ष पदकांसह, भाषणासह उभा केला आणि तरीही प्रेक्षक त्याच्यावर रुसले नाहीत. मला याचे कारण असे दिसते की त्याचे पात्र फजीत होत असले तरी मूर्ख नव्हते. त्याचा तो भांबावलेला शेतकरीसुद्धा गटांगळ्या खाता खाता अमेरिकेबद्दल असे काही बोलून जाई की शहाण्या माणसाने मान खाली घालावी.

शिवाय बाहेर काय चालले होते, तेही ध्यानात घे. १८९१ मध्ये न्यू ऑर्लिन्सला जमावाने अकरा इटालियनांना ठार मारले होते. अमेरिकन रंगमंचावरचा इटालियन म्हणजे माकड नाचवणारा किंवा सुरा उपसणारा. त्या थट्टेत आणि या थट्टेत फरक एवढाच की येथे हसणारा आणि ज्याच्यावर हसायचे तो एकाच टेबलावर बसलेले होते. (त्याच्या बायकांच्या सोंगांबद्दल मात्र माझे मन साशंक आहे. पुरुषांनी भरलेल्या कॅफेत नववधूवर हशा पिकवणे कोणालाही जमते.)

दौऱ्यांचा विषय तर मला सर्वांत विलक्षण वाटतो. न्यूयॉर्कमध्येच मलबेरी स्ट्रीट नेपल्सकडच्यांचा आणि जवळचा एलिझाबेथ स्ट्रीट सिसिलीच्या लोकांचा, अशी वाटणी होती. इटली हा एकसंध देश १८६१ चा, त्यामुळे या लोकांना आपले गाव ठाऊक होते, देश नव्हे. फार्फारिएल्लो न्यूयॉर्कबाहेरही हिंडला आणि पार सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत गेला. तेथल्या नॉर्थ बीच या वस्तीत जेनोआ आणि लुक्काकडचे, म्हणजे उत्तरेचे लोक अधिक होते. नेपल्सची बोली त्यांच्या कानाला आपली नव्हती आणि दक्षिणेकडच्यांविषयी त्यांच्या मनात अढीही होती. पण कामावरची भाषा सगळ्यांची एकच होती. ‘जॉब’चा ‘जोब्बा’, ‘बॉस’चा ‘बोस्सो’, ‘स्टोअर’चा ‘स्तोरो’ करून टाकलेली ती मिसळ कोणत्याही इटालियन गावात बोलली जात नव्हती, आणि फार्फारिएल्लोचे सगळे लेखन तिच्यावर उभे होते. इटलीत जे एकमेकांना परके होते, ते त्याच्या खेळात एकाच ठिकाणी हसले.

पुढे अमेरिकेच्या १९२४ च्या स्थलांतर कायद्याने इटलीहून येणाऱ्यांची मर्यादा वर्षाला ३,८४५ वर आणली, नवे लोक येणे जवळजवळ थांबले आणि मुले इंग्रजीत वाढू लागली. तो तबकड्यांवर गायला, रेडिओवर गेला आणि १९४६ साली न्यूयॉर्कमध्येच वारला. त्याची कागदपत्रे मिनेसोटा विद्यापीठाच्या स्थलांतर-इतिहास संग्रहात आहेत. मिनियापोलिसला प्रयोग ठरला तर वेळ काढून ती पाहून ये. मलबेरी स्ट्रीटवर आज मुख्यतः हॉटेलेच दिसतील, तेव्हा तेथे फार आशेने जाऊ नकोस.

आता तुझ्या अध्यक्षांविषयी. तुझा प्रेक्षक पदव्या घेऊन, विमानाने आलेला आहे; त्याला कोणी पत्र लिहून द्यावे लागत नाही, म्हणून फार्फारिएल्लोचे तंत्र जसेच्या तसे उचलून चालणार नाही. परंतु तूही अजून त्यांच्या मेजाशी बसलेली नाहीस, पाहुणी म्हणून सोफ्यावर बसली आहेस. तेव्हा ही नक्कल एडिसनच्या प्रयोगात घालू नये. पुढच्या गावी दोन दिवस आधी पोहोच, सभागृहात खुर्च्या मांडायला आणि नावनोंदणीच्या टेबलावर बसायला स्वतःहून जा, आणि अध्यक्ष प्रायोजकाशी फोनवर कसे बोलतात व स्वयंपाकघरातल्या बायकांशी कसे बोलतात, ते ऐक. त्यानंतरही नक्कल करावीशी वाटली तर अवश्य कर, आणि अध्यक्षांना पहिल्या रांगेत बसव.

टोप वापरू नकोस. जाकीट, बिल्ला आणि हातात सतत वाजणारा फोन एवढे पुरे होईल. जाकीट मी येथे शिवून घेते; येत्या महिन्यात सुलूमावशी मुलाकडे न्यू जर्सीला निघाली आहे, तिच्याबरोबर धाडता येईल. आत साडीचा पदर मावला पाहिजे, म्हणून छातीचे आणि खांद्याचे माप दोन बोटे सैल धरून लगेच कळव.

तुझी,
आई