अँटिबालासच्या वादकांना, एडिसनच्या एका ढोलवाल्याकडून

न्यूयॉर्कच्या अँटिबालास या आफ्रोबीट वाद्यवृंदाच्या आजी-माजी वादकांनो,

सप्रेम नमस्कार.

पत्र मराठीत लिहितोय, त्यामुळे तुमच्यापैकी कुणाला ते वाचता यायची शक्यता कमीच. पण आभार चारचौघांत मानायचे आहेत आणि ते चारचौघं आमच्या पथकातले आहेत. त्यांनी हे वाचावं म्हणून हा उघड पत्राचा खटाटोप.

आम्ही न्यू जर्सीत, एडिसनला ढोल-ताशा वाजवतो. गणपती, पाडवा, शिवजयंती, मध्येच कुणाच्या तरी मुलाची वरात. सराव एका गोदामामागच्या पार्किंगमध्ये होतो, कारण घराच्या आसपास ढोल काढला की शेजारी पोलिसांना फोन करतात. सुरुवातीला सगळे आपलेच होते, पुणे-ठाणे-नाशिकचे. मग ऑफिसातली तेलुगू मंडळी आली, एक गुजराती कुटुंब आलं आणि एका ताईने तिच्या कामावरचा डोमिनिकन मुलगा आणला, जो लहानपणापासून कोंगा (हाताने वाजवायचा उभा लॅटिन ढोल) वाजवत होता. तो आला आणि पथकाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर धुमसायला लागलं. 'आपलं पथक आहे, बाहेरच्यांना किती घ्यायचं?' 'उद्या हा ताशा मागेल.' 'त्याला ढोलाबद्दल काही वाटतं का?' वगैरे. याच सुमारास दुसरा एक जुनाच त्रास वाढला होता. प्रत्येकाला आपला ढोल सगळ्यांत वर ऐकू यायला हवा असायचा. ताशेवाला तर्री (ताशावरचा जलद कडकडाट) संपवायच्या आत अर्धे जण पुढच्या हातावर, म्हणजे पुढच्या ठेक्यावर, गेलेले असायचे.

या दोन्ही भांडणांत तुम्ही मदत केलीत, एकदाही न भेटता.

ज्यांना तुमची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. नायजेरियाचा गायक-वादक फेला कुटी 2 ऑगस्ट 1997 ला लागोसमध्ये गेला. त्याने आणि त्याचा ड्रमर टोनी अ‍ॅलन याने घानाकडचं हायलाइफ, अमेरिकन जॅझ आणि फंक, योरुबा ताल हे सगळं एकत्र मुरवून जे उभं केलं, ते आफ्रोबीट. (बर्ना बॉय वगैरे मंडळींचं हल्लीचं आफ्रोबीट्स हे निराळं प्रकरण आहे. आमच्या ग्रुपवर दर वेळी हा घोळ होतो.) फेलाला जाऊन वर्षही झालं नव्हतं, तेव्हा मे 1998 मध्ये हार्लेममधल्या सेंट निक्स पब नावाच्या ठिकाणी, एका काव्यवाचनाच्या रात्री, अँटिबालास पहिल्यांदा वाजलं. ब्रुकलिनमध्ये राहणाऱ्या मार्टिन पेर्नाने ते जमवलं होतं. त्याच्या डोळ्यांपुढे दोन वाद्यवृंद होते, फेलाचा आफ्रिका 70 आणि एडी पाल्मिएरीचा हार्लेम रिव्हर ड्राइव्ह. म्हणजे एक लागोसचा आणि दुसरा न्यूयॉर्कच्या पोर्तो रिकन वस्तीतून आलेला. नावही स्पॅनिश घेतलं. पुढे गायला उभे राहिले लागोसमध्ये वाढलेले आमायो, जे ब्रुकलिनमध्ये कुंग-फूही शिकवायचे. भोवती लॅटिन, गोरे, काळे, कुणी जॅझमधून आलेले, कुणी सोलमधून, असे दहा-बारा जण. यातले काही जण पुढे एमी वाइनहाउसच्या 'बॅक टू ब्लॅक'वरही वाजले, ती गोष्ट वेगळी.

मी तुम्हाला आधी रेकॉर्डवर ऐकलं आणि खरं सांगायचं तर पहिली पाच मिनिटं मला कळेना की गाणं सुरू कधी होणार. फेलाचं तसंच असायचं. बारा-पंधरा मिनिटांचं गाणं, कधी रेकॉर्डची पूर्ण बाजू, आणि गायक तोंड उघडतो तेव्हा निम्मं गाणं होऊन गेलेलं. तोवर काय चाललेलं असतं ते समजायला मला तुमचा प्रत्यक्ष कार्यक्रम पाहावा लागला. ब्रुकलिनमधल्या एका उन्हाळी मैफिलीत मी मुद्दाम एका कडेला, तालवाद्यवाल्यांच्या समोर उभा राहिलो. तिथे शेकेरे होता. वाळवलेला भोपळा, त्यावर मण्यांची जाळी. एका हाताने मानेशी धरायचा, दुसऱ्या तळव्याने बुडाला थोपटायचं आणि मधल्या हिसक्याला जाळी भोपळ्यावर घसरते, तो 'छक' आवाज. बास, एवढंच. वाजवणाऱ्याने ते गाणं संपेपर्यंत बदललं नाही. समोर लोक नाचत होते, भोंगे (म्हणजे सॅक्सोफोनसारखी फुंकून वाजवायची वाद्यं) कडाडत होते, पण याचा हिसका पहिल्या मिनिटाला जिथे पडला तिथेच शेवटी पडत होता. मी मोजत होतो, म्हणून सांगतो. त्याच्या शेजारी दोन काठ्यांवर एक जण तालाचा सांगाडा धरून होता, त्याचंही तेच.

मग गिटार. दोन-तीन गिटारी असूनही सुरावटींची गर्दी कुठेच नाही. एक जण तारा तळव्याने दाबून तीन-चार सुटे स्वर टुकटुकत राहतो, फेलाच्या लोकांत याला टेनर गिटार म्हणत. दुसरा फक्त मधल्या फटीत चक-चक करतो. दोघांपैकी एकाचं एकट्याने ऐकलं तर कुणीही म्हणेल, हे काय शिकणाऱ्या पोरासारखं वाजवतोय. पण ते एकमेकांत असे अडकलेले असतात की एक काढला तर दुसरा लंगडा पडतो. खाली बास गिटार आणि सगळ्यांत खालच्या सुरात पेर्नाचा बॅरिटोन सॅक्सोफोन. भोंगेवाले मिळून एक ठसठशीत मुखडा वाजवतात, मग एकेक जण पुढे येऊन हात मोकळा करतो आणि परत रांगेत जाऊन उभा राहतो. मला सगळ्यात जास्त भावलं ते हे परत जाणं. आत्ता ज्याला टाळ्या पडल्या तो पुढच्या मिनिटाला दुसऱ्याच्या सोलोमागे दोन स्वरांचा पाठिंबा देत असतो आणि त्यात त्याला कमीपणा वाटताना दिसत नाही.

एवढ्या शिस्तीत मोकळीक फक्त ड्रमरला. फेला बहुतेक वाद्यांचं काय वाजायचं ते स्वतः ठरवायचा, टोनी अ‍ॅलनचं मात्र टोनी अ‍ॅलनच ठरवायचा. दोन हात, दोन पाय, चारही निरनिराळं बोलतात आणि तरी आवाज हलका. टोनी 30 एप्रिल 2020 ला पॅरिसमध्ये गेला. त्या आठवड्यात इथे सगळं बंद होतं, सराव नव्हता, तेव्हा बेसमेंटमध्ये हेडफोन लावून मी फक्त त्याची हाय-हॅट (ड्रमसेटमधली पायाने मिटणारी झांजांची जोडी) ऐकत बसायचो. ढोलवाल्याने हे करायला कुणी सांगितलं असं बायको विचारायची. आमच्याकडे तर्री देणाऱ्या ताशेवाल्याचं जे काम, ते मला तिथे जरा कमी आवाजात आणि जास्त डोक्याने होताना ऐकू आलं.

सराव परत सुरू झाला तेव्हा पथकात मी एक प्रस्ताव मांडला. अर्ध्या ढोलांनी फक्त थापी (तळव्याचा ठोका) धरायची, टिपरू (ढोलाची काठी) बंद. उरलेल्यांतल्या निम्म्यांनी दर आवर्तनात एकच ठोका द्यायचा आणि तो अजिबात बदलायचा नाही, कंटाळा आला तरी. आधी शिव्या पडल्या. 'मी काय एक ठोका द्यायला चाळीस मैल गाडी चालवत येतो?' मग मी तुमचं एक लांबलचक वादन फोनला स्पीकर जोडून ऐकवलं आणि प्रत्येकाला एकेक वाद्य वाटून दिलं, तू फक्त काठ्या ऐक, तू फक्त ती टुकटुक. तुमच्या गाण्याने तिथे जे काम केलं ते माझ्या भाषणाने झालं नसतं. पुढच्या मिरवणुकीत ताशा पहिल्यांदाच स्वच्छ ऐकू आला. झांजा कानात जायच्या थांबल्या. एका काकूंनी विचारलं, यंदा ढोल कमी आणलेत का? उलट चार जास्त होते.

आणि त्या डोमिनिकन मुलाला एक ठोका न बदलता धरायला सांगावंच लागलं नाही. त्याला ते येत होतं. कोंगा वाजवणाऱ्याला क्लाव्हेच्या, म्हणजे लॅटिन संगीतातल्या ठरलेल्या मूळ ठेक्याच्या, चौकटीत राहायची सवय असते, ती त्याच्या हातात होती.

त्याच्यावरून झालेल्या भांडणात तुमचा उपयोग जास्त झाला आणि तो लिहायला अवघड आहे. ब्रुकलिनच्या गोऱ्या-लॅटिन पोरांनी नायजेरियाच्या माणसाचं संगीत का वाजवावं, हा प्रश्न तुम्हालाही विचारला गेला असणार, आणि तो विचारणाऱ्यांना मी मूर्ख म्हणणार नाही. त्या संगीताची किंमत फेलाने मोजली होती. गाण्यात सैनिकांना 'झोंबी' (हुकमावर चालणारं प्रेत) म्हटलं म्हणून 18 फेब्रुवारी 1977 ला सुमारे हजार सैनिक त्याच्या घरावर चालून आले, घर जाळलं, त्याच्या आईला खिडकीतून खाली फेकलं. फुन्मिलायो रॅन्सम-कुटी, स्वतः मोठ्या कार्यकर्त्या. पुढच्या वर्षी त्या गेल्या. असं संगीत नुसतं नाचायला चांगलं म्हणून उचललं तर ते मला तरी खटकलं असतं.

तुम्ही ते तसं उचललं नाहीत. फेलाची गाणी वाजवलीत, त्याचं नाव प्रत्येक वेळी घेतलंत, पण थोड्याच काळात स्वतःची गाणी रचलीत आणि त्यांत बोट दाखवलंत ते आपल्याच सरकारकडे. 2004 च्या 'हू इज धिस अमेरिका?' या अल्बममध्ये इराक युद्धाच्या ऐन काळात तुम्ही आपल्याच देशाला प्रश्न विचारत होतात. लागोसच्या लष्करशहांना न्यूयॉर्कमध्ये बसून शिव्या घालणं कितीतरी सोपं होतं. फेलावरचं संगीतनाटक 2009 मध्ये ब्रॉडवेवर आलं, तेव्हा त्यातलं वादन तुमच्यातल्या लोकांकडे सोपवलं गेलं. 2011 मध्ये ते नाटक लागोसलाही जाऊन आलं. कुणाचं काय, याचा निकाल मला असा लागलेला दिसतो, वर्षानुवर्षं काम करून, हळूहळू आणि पूर्णपणे कधीच नाही.

हे मी ग्रुपवर लिहिलं तेव्हा एकाने विचारलं, मग आपला फेला कोण? प्रश्न टोमण्यात होता, पण आम्ही तो खरंच घेतला. शोधत गेलो तर मुळशी-मावळकडच्या गावांतली ढोल-लेझीम पथकं निघाली, जत्रेत, पालखीपुढे वाजवणारी. पुण्यात ज्ञानप्रबोधिनीसारख्या संस्थांनी विद्यार्थ्यांची पथकं उभी केली, तेव्हा तो ढोल शहरी पोरांच्या कमरेला आला. कोथरूड आणि ठाण्यातले आम्ही, आमच्यापैकी कितींच्या आजोबांनी ढोलाला हात लावला होता? माझ्या तरी नाही, ते पोस्टात होते आणि त्यांना ढोलाचा आवाज अजिबात सहन व्हायचा नाही. 'बाहेरचा' हा शब्द त्यानंतर ग्रुपवर फारसा आला नाही. दोघे पथक सोडून गेले, त्यांची मला आठवण येते, चांगले वाजवायचे.

तुमच्या 'फू क्रॉनिकल्स' या अल्बमला 2021 च्या ग्रॅमीत नामांकन होतं. त्याच यादीत आपली अनुष्का शंकर होती, त्यामुळे आमच्या घरात त्या रात्री निष्ठेचे दोन तुकडे झाले होते. शेवटी पारितोषिक बर्ना बॉयने नेलं, ज्याचे आजोबा एके काळी फेलाचे व्यवस्थापक होते. म्हणजे घरातलं घरातच राहिलं म्हणायचं.

तर मार्टिन पेर्ना, तुम्ही हे जमवलंत म्हणून आभार. आमायो, लागोसचा आवाज मध्यभागी धरून ठेवलात म्हणून आभार. भोंगेवाल्यांचे, सोलो संपवून रांगेत परत गेल्याबद्दल. गिटारवाल्यांचे, त्या तीन-चार स्वरांबद्दल. आणि शेकेरेवाल्याचे सगळ्यांत जास्त, त्याला कल्पनाही नसेल.

एडिसनकडे कधी आलात तर कळवा. जेवण आमच्याकडे. सराव रविवारी असतो, ढोल देऊ, कमरेला बांधायला शिकवू. ताशा मात्र पहिल्या दिवशी मिळणार नाही, हा नियम आम्ही सगळ्यांना लावतो.

आपला,
पथकातला एक ढोलवादक

ता. क. शेकेरे वाजवणाऱ्याला एक विचारायचं राहिलं. आमच्याकडे टिपरूने बोटं सोलतात म्हणून आम्ही सरावाआधी चिकटपट्टी गुंडाळतो, ती घामाने अर्ध्या तासात सुटते. तुम्ही हाताला काय लावता?