तुझा आवाज मीच खाली आणला होता

कोल्हापूर,
सोमवार, २४ नोव्हेंबर २०२५

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. केशवराव भोसले नाट्यगृह जळाले त्या रात्री, म्हणजे ८ ऑगस्ट २०२४ ला, तू पुण्याहून फोन केला होतास. आपण दोघेही फारसे बोललो नव्हतो. तू फक्त "छत गेलं का रे?" एवढे विचारलेस आणि मी हो म्हणालो. त्यानंतर पंधरा महिने मी तुला ना फोन केला ना पत्र लिहिले. कामाचे कारण सांगितले असते तर तू मानलेही असतेस, पण आज तुला खरे तेच सांगायचे आहे. सध्या माझा आवाज बसला आहे. स्वरतंतूंवर गाठी येऊ लागल्या आहेत, डॉक्टरांनी आठवडाभर मौन सांगितले आहे आणि पुढे स्वरोपचार आहेत. काळजी करण्यासारखे काही नाही. कुजबुजायलासुद्धा परवानगी नाही, म्हणून लिहितो आहे.

आपला दुसरा अल्बम जवळजवळ पूर्ण झाला आहे. मी अजूनही बँडला "आपला"च म्हणतो, त्याबद्दल रागावू नकोस. नऊ गाणी आहेत. ड्रम, बास, गिटार, माझे क्लीन व्होकल, म्हणजे साधे सुरेल गाणे, सगळे रेकॉर्ड झाले आहे. उद्यमनगरातल्या त्याच माडीवर, खालचे लेथ बंद झाल्यावर रात्री दहानंतर आणि वर्कशॉपला सुट्टी असते म्हणून सोमवारी दिवसभर, असे सात महिने आम्ही काम केले. मास्तर शाळा सुटल्यावर वह्यांचा गठ्ठा घेऊनच येत असत आणि दोन टेकच्या मध्ये पेपर तपासत असत. त्यांची बास पहिल्या अल्बमपेक्षा कितीतरी भरीव झाली आहे. राहिले आहेत ते चार गाण्यांतले स्क्रीम, म्हणजे गुरगुरत, ओरडून गायच्या जागा. हे पत्र त्या चार जागांबद्दल आहे, आणि त्याहून जास्त पहिल्या अल्बममधल्या तीन जागांबद्दल आहे.

तीन आठवड्यांपूर्वी नव्या गाण्यांची पातळी ताडून पाहण्यासाठी मी २०१९ च्या अल्बमची मूळ फाइल उघडली. आपला नवा ड्रमर, ज्याला आम्ही धाकटा म्हणतो, माझ्या शेजारी बसला होता. तू गेल्यानंतर तो आपल्याकडे आला, त्यामुळे त्याने तुला प्रत्यक्ष कधी ऐकलेले नाही, फक्त अल्बम ऐकला आहे. तुझ्या ट्रॅकवर आवाजाची जी रेघ असते, ती तीन ठिकाणी एकदम खाली गेलेली होती. मी ती सरळ केली आणि गाणे लावले. ब्रेकडाउन आला, म्हणजे लय एकदम संथ आणि जड होते ती जागा, तुझा आवाज आला, आणि धाकट्याने हातातल्या काठ्या खाली ठेवल्या. गाणे संपेपर्यंत तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "दादा, हे आपल्या अल्बममध्ये कुठे आहे?" मला उत्तर देता आले नाही, आणि तेव्हा तर माझा आवाज अगदी ठणठणीत होता.

तुला तो रंकाळ्याच्या पायऱ्यांवरचा वाद आठवत असेलच. अल्बम हातात आल्यावर तू दोन वेळा पूर्ण ऐकलास आणि मला विचारलेस की तुझे स्क्रीम गिटारच्या मागे कसे गेले. मी सांगितले की मिक्सनंतर शेवटचा हात फिरवतात त्या मास्टरिंगमध्ये असे होते, सगळेच दाबले जाते, त्यात वरच्या पट्टीतला कर्कश भाग आधी जातो. तू म्हणालास की मग माझे क्लीन कसे नाही गेले? त्यावर मी चिडलो आणि तू स्वतःला फार समजतोस असे काहीतरी बोललो. मित्रा, मास्टरिंगमध्ये काहीही झाले नव्हते. फाइल पाठवण्याच्या आदल्या रात्री मी एकट्याने बसून तुझा आवाज तीन जागी सहा डेसिबलने खाली आणला होता. सहा डेसिबल म्हणजे ध्वनिलहरीची उंची निम्मी होणे, हे तुला मी सांगायला नको. मी तुझा आवाज निम्मा केला आणि दोष मास्टरिंग करणाऱ्या अशा माणसावर टाकला, ज्याला आपण दोघे कधी भेटलोही नव्हतो.

हे मी का केले, याचा विचार या मौनाच्या दिवसांत पुष्कळ केला. त्या वेळी मी स्वतःला एक कारण दिले होते की घरच्या लोकांना गाणी आवडतात, पण तो आरडाओरडा आला की ते उठून जातात. ते खरेही होते, पण कारण ते नव्हते. कॉलेजच्या गॅदरिंगपासून प्रत्येक कार्यक्रमानंतर लोक येऊन तुझ्या जागांबद्दल बोलत असत. मुखडे मी बांधत होतो, चाली मी लावत होतो, आणि अंगावर काटा तुझ्या सोळा मात्रांनी येत होता. मला ते सहन झाले नाही. बस, एवढेच कारण होते.

तू गेलास ते नोकरीसाठी, हे मला माहीत आहे. तरीही तो वाद झाला नसता तर तू शनिवार-रविवार येत राहिला असतास, असेही मला वाटत आले आहे.

आता दुसऱ्या अल्बमचे सांगतो. तुझ्याशिवाय दोन्ही आवाज मी एकट्याने करायचे ठरवले. आपला जुना वाद तुला पाठच असेल. तुझ्या खोलीवरच्या त्या एका इअरफोनवर, एक तुझ्या कानात आणि एक माझ्या, आपण २००७ सालचे दोन अल्बम झिजेपर्यंत ऐकले, आणि दोन्ही त्या त्या बँडचे दुसरेच अल्बम होते. जानेवारीत 'अ डे टू रिमेंबर'चा 'फॉर दोज हू हॅव हार्ट' आणि सप्टेंबरात 'फोर इयर स्ट्राँग'चा 'राइज ऑर डाय ट्रायिंग'. मी पहिल्याच्या बाजूने भांडायचो. फ्लोरिडातले ओकाला हे घोड्यांसाठी ओळखले जाणारे, समुद्रापासून आत असलेले गाव, आणि तिथला जेरेमी मॅकिनन एकाच गळ्यातून गोड मुखडाही काढतो आणि पुढच्याच ओळीला गुरगुरतो. मला त्यात पूर्णता वाटायची. माणूस तोच, फक्त त्याचा संयम सुटला, असे ऐकणाऱ्याला कळते. तू मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टरच्या पोरांच्या बाजूने होतास. तिथे डॅन ओकॉनर आणि ॲलन डे हे दोघे गिटार वाजवत गातात आणि की-बोर्ड वाजवणारा जॉश लायफर्ड मागून स्क्रीम करायचा. तू म्हणायचास की भांडण असेल तर भांडायला दुसरा माणूस लागतो. सवाल-जबाब एकट्याने करता येतात का, असे तू विचारायचास, आणि मी चहाचे पैसे तुला द्यायला लावून विषय बदलायचो.

तर मी मॅकिननच्या वाटेने निघालो. पहिले दोन आठवडे ठीक गेले. नंतर सकाळी उठल्यावर आवाज फुटेना, मग वरचे स्वर जाऊ लागले. माझी चूक कुठे होती ते मला आता डॉक्टरांच्या पडद्यावर माझाच गळा पाहिल्यावर कळले. स्क्रीम करताना खऱ्या स्वरतंतूंच्या वर असलेल्या खोट्या स्वरपट्ट्या कामाला लावायच्या असतात आणि हवा पोटातून मोजून सोडायची असते, म्हणजे खालचे तंतू वाचतात. मी मात्र सगळा जोर खऱ्या तंतूंवरच टाकत होतो आणि जितके मोठ्याने ओरडू तितके चांगले असे समजत होतो. तुझे स्क्रीम खोलीत फारसे मोठे वाटायचेच नाहीत, मायक्रोफोनमध्ये गेल्यावर ते मोठे व्हायचे. कार्यक्रमानंतर तू आरामात मिसळ मागवायचास आणि तुझा आवाज जसाच्या तसा असायचा. तुझ्या आजोबांनी पहाटे उठवून जो खर्ज घोटून घेतला, त्याची ही कमाई होती, हे मला तेव्हा कळले नाही. आजोबांनी आपल्याला देवल क्लब या गायनसंस्थेत नेले होते आणि येताना अल्लादिया खाँसाहेबांची गोष्ट सांगितली होती, ती या दिवसांत सारखी आठवते. सतत गाऊन त्यांचा आवाज गेला, परत आला तो पूर्वीसारखा नव्हता, आणि मग त्यांनी राहिलेल्या आवाजाला पेलेल अशी गायकी घडवली. आजोबा तेव्हा तुझ्याकडे नव्हे, माझ्याकडे पाहून सांगत होते. जो आवाज तुझ्या गळ्यात तयार आहे, तो मी माझ्या गळ्यात जबरदस्तीने उगवायला निघालो होतो.

आजोबांचीच दुसरी गोष्ट. तुझा स्क्रीम पहिल्यांदा ऐकून घरात सगळे गप्प झाले होते आणि आजोबा म्हणाले होते, "जोतिबाच्या डोंगरावर चांगभलं यापेक्षा मोठ्यानं होतं, त्यात काय!" काकूंना हसू आवरले नव्हते. मी मिक्स करताना घरच्यांचे नाव पुढे केले, आणि प्रत्यक्षात तुझ्या घरचा सगळ्यात वयस्कर माणूस तुझ्या बाजूने होता.

धाकट्याने सुचवले की इचलकरंजीचा एक मुलगा चांगला स्क्रीम करतो, त्याला बोलवू. आम्ही बोलावले. त्याच्याकडे तयारी आहे, ताल पक्का आहे, एका टेकमध्ये काम करतो. मी ऐकले आणि त्याला आदराने परत पाठवले, कारण त्या ओळी मी लिहितानाच तुझ्या श्वासावर लिहिल्या होत्या आणि त्याला त्या जागी श्वास घेता येत नव्हता. मास्तरांचे मत आहे की स्क्रीम काढूनच टाकावेत, गाणी तशीही उभी राहतात. लायफर्ड २०११ साली बाहेर पडला तरी वूस्टरचा बँड पुढे चाललाच, असे ते म्हणतात. त्यांचे चुकते आहे असे मी म्हणणार नाही. परंतु सहाव्या गाण्यात मुखडा संपतो, ड्रम निम्म्या लयीत येतात आणि तिथे दोन गिटार नुसत्या वाट पाहत बसल्यासारख्या वाजतात. ती जागा ऐकली की मला झोप येत नाही.

म्हणून विचारतो. त्या चार गाण्यांत तू गाशील का? कोल्हापूरला यायची गरज नाही. पुण्यात ज्या खोलीत तुला सोयीचे असेल तिथे रेकॉर्ड करून फाइल पाठवलीस तरी चालेल. नाही म्हणालास तर तो तुझा हक्क आहे, आणि त्यामुळे वर लिहिलेल्या कबुलीत एक अक्षरही बदलत नाही. ती मी तुला गायला बोलावण्यासाठी लिहिलेली नाही. मास्तरांना आणि धाकट्याला मी हे सगळे परवा कागदावर लिहून दाखवले आहे. मास्तरांनी वाचून कागद घडी करून परत दिला आणि "आधी त्याला लिही" एवढेच म्हणाले.

सोबत पेन ड्राइव्ह आहे. त्यात पहिला अल्बम आहे, तुझा आवाज होता त्याच पातळीवर ठेवून नव्याने मिक्स केलेला. तुझी हरकत नसेल तर तोच यापुढे खरा अल्बम म्हणून राहील आणि जुना मी काढून टाकीन. दुसऱ्या फोल्डरमध्ये ती चार नवी गाणी आहेत. प्रत्येकात तुझ्यासाठी सोळा मात्रा रिकाम्या आहेत, फक्त सहाव्या गाण्यात बत्तीस आहेत. शब्द कागदावर लिहून ठेवले आहेत, पण ते तुला बदलावेसे वाटले तर बदल. मिक्स तुझ्याशेजारी बसूनच करीन.

बाळाचे बारसे झाले का? वहिनींना नमस्कार सांग. काकूंच्या गुडघ्याचे ऑपरेशन दिवाळीनंतर ठरले होते असे मास्तरांकडून कळले, ते कसे झाले ते कळव. नव्या फ्लॅटमध्ये शेजारी तक्रार करणारे नसावेत अशी आशा आहे, निदान या महिन्यापुरती तरी.

१ डिसेंबरपर्यंत फोन करू नकोस, मला उचलून काहीच बोलता येणार नाही. केलासच तर मी नुसता ऐकेन.

तुझा मित्र