झाडाखालचा पाचोळा झाडून नेऊ नका: वनमंत्र्यांना खुले पत्र

मा. वनमंत्री, महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

सोलापूर जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी 550 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्यातला बराचसा सप्टेंबरात, दोन-चार दणक्यांत. ते पाणी मुरले तर विहिरी तग धरतात. वाहून गेले तर उन्हाळा लागायच्या आत टँकरची वाट पाहायची. म्हणून वनीकरणाकडे आम्ही सावलीआधी पाण्यासाठी पाहतो.

2019 साली राज्याने 33 कोटी झाडे लावायचे ठरवले. रोपे किती लागली, किती जगली यावर भरपूर बोलले गेले. झाडांखालची जमीन झाकली गेली का, हा प्रश्न बाजूलाच राहिला. कित्येक ठिकाणी साफसफाईच्या नावाखाली पालापाचोळा गोळा करून पेटवला जातो, याचे फार वाईट वाटते.

उघड्या रानावर टपोरा पाऊस आदळला की मातीचे बारीक कण सुटतात, छिद्रे बुजवतात, वर पापुद्रा धरतो आणि गढूळ पाणी ओढ्याला लागते. पाचोळा तो मार स्वतः झेलतो. त्याच्या अंगी मात्र फार पाणी राहत नाही. हेक्टरी 5 टन सुका पाचोळा धरला आणि त्याने दुप्पट पाणी शोषले, तरी ते 10 हजार लिटर, म्हणजे जेमतेम 1 मिलिमीटर पाऊस. खरी कमाई त्याच्याखाली आहे. पावसाळ्यात एखाद्या जुन्या करंजाखाली हाताने थर उकलून पाहा: वर अख्खी पाने, खाली नुसत्या शिरांची जाळी उरलेली, त्याखाली काळी भुसभुशीत माती आणि गांडुळांची विष्ठा. गांडुळांच्या, वाळवीच्या याच बिळांतून पाणी खाली उतरते.

हे मिश्र लागवडीत जास्त चांगले साधते. गिरिपुष्पाचा पाला लवकर कुजतो आणि मातीतल्या जिवांना नत्र पुरवतो. सागाचे जाड पान सावकाश कुजते, जमीन जास्त दिवस झाकून ठेवते. बाभूळ-शिरीषाची बारीक पाने मधल्या फटी भरतात. नुसत्या निलगिरीखाली मात्र सुकलेली माती कधी कधी पाणी आत घेत नाही.

वणव्याची भीती खरी आहे. त्यासाठी जाळरेषा, म्हणजे आग पसरू नये म्हणून मोकळे ठेवलेले पट्टे, स्वच्छ ठेवाव्यात, आतला थर हलवू नये. उसाचे पाचट जाळू नका, असे कृषी विभाग आम्हा शेतकऱ्यांना सांगत असतो आणि ते योग्यच आहे. मग वनातल्या पाल्याला वेगळा न्याय का?

आमची विनंती अशी. नव्या लागवडीत कडुनिंब, करंज, शिरीष, आपटा, अंजन अशी सरमिसळ असावी. नान्नजची माळराने यातून वगळावीत. तिथे गवतच हवे, माळढोकाचे घर आहे ते. देखभालीच्या कामांतून पाला गोळा करणे काढून टाकावे आणि जिवंत रोपांबरोबर पाचोळ्याच्या थराचीही नोंद व्हावी. फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळ जोरात असते. त्याआधी तसा लेखी आदेश जिल्ह्यातल्या प्रत्येक वनपरिक्षेत्रात पोहोचावा.

आपला,
एक सोलापूरकर शेतकरी