आधी काम ठरवा, मग दर मागवा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

सहकारी गृहनिर्माण संस्थांना वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. त्यामुळे सध्या कोथरूड, कर्वेनगर, सहकारनगर, बिबवेवाडी अशा भागांतल्या पंचवीस-तीस वर्षे जुन्या इमारतींच्या सभांपुढे एक विषय हमखास आहे: बाहेरून रंग आणि गळतीची दुरुस्ती. तीन ठेकेदारांची दरपत्रके येतात, सर्वांत कमी आकडा वाचून दाखवला जातो, सदनिकेमागे वर्गणी ठरते आणि ठराव मंजूर होतो. नेमके काय करायचे, यावर बोलणे सुरू होते ते परांच्या (कारागिरांसाठी बांधलेली मचाणे) उभ्या राहिल्यावर. काम तिथेच फसलेले असते.

ती तीन दरपत्रके शेजारी ठेवून वाचावीत. एकात गच्चीवर नुसता रासायनिक लेप असतो, दुसऱ्यात जुना कोबा (विटांचे तुकडे आणि सिमेंटचा गळतीरोधक थर) फोडून नवा, तिसऱ्यात ‘वॉटरप्रूफिंग, एकरकमी’ एवढेच. एकाने जीएसटी धरलेला असतो, दुसऱ्याने वगळलेला. ही तीन वेगळी कामे आहेत. त्यांतले स्वस्त कोणते, हा प्रश्नच चुकीचा. संस्थेने कामाचा तक्ता स्वतः करून तोच तिघांना द्यावा आणि त्यांनी त्यात फक्त दर भरावेत.

तक्त्याची सुरुवात पाहणीने होते आणि गळतीची पाहणी पावसातच करायची असते. पाऊस आहे तोवर घरोघरी एक कागद फिरवावा: कोणती खोली, कोणती भिंत किंवा छत, ओल किती उंचीवर, आणि ती कधी येते. शेवटच्या रकान्याला सर्वाधिक किंमत आहे. फक्त पाऊस पडताना ओल येत असेल तर संशय बाहेरच्या भिंतीवर, खिडकीच्या चौकटीवर किंवा छज्जाच्या सांध्यावर घ्यावा. पाऊस थांबल्यावरही आठवडाभर छत टिपकत राहिले, तर कोब्यात पाणी साठले आहे असे समजावे. बारा महिने ओल असेल तर नळ किंवा वरच्या घराचे न्हाणीघर तपासावे. आदर्श उपविधींनुसार (सरकारने संस्थांसाठी दिलेल्या नमुना नियमावलीनुसार) गच्ची, बाहेरच्या भिंती आणि सामाईक वाहिन्यांची दुरुस्ती संस्थेच्या खर्चाची, तर न्हाणीघराच्या आतली सभासदाच्या. तक्त्यात ही रेघ ओढलेली नसेल तर ठेकेदाराचे प्लंबर निम्मा वेळ घराघरांत ‘एवढेही करून द्या’ करत फिरतात.

इमारत १५ ते ३० वर्षांची असेल तर दर ५ वर्षांनी आणि ३० वर्षांपुढची असेल तर दर ३ वर्षांनी संरचनात्मक तपासणी उपविधींतच सांगितली आहे. तिचा अहवाल दरपत्रक मागवतानाच जोडावा. कोणत्या कॉलमच्या सळया गंजल्या आहेत हे ठेकेदाराला आधी कळले नाही तर तो एक तर फुगवून दर देतो, नाही तर कमी दर देऊन पुढे जादा कामात वसूल करतो.

सर्वाधिक भांडणे गिलाव्याच्या मोजमापावरून होतात. बोदा झालेला, म्हणजे भिंतीपासून सुटून आतून पोकळ झालेला गिलावा ठोकल्यावर कळतो, आणि चौथ्या मजल्यावरची भिंत परांची बांधल्याशिवाय ठोकता येत नाही. म्हणजे हे परिमाण आधी नक्की सांगता येत नाही, हे मान्य करूनच लिहावे: ‘गिलावा फोडून नवा, अंदाजे ३,००० चौरस फूट, दर चौरस फुटाला अमुक.’ पुढे अट अशी की परांची झाल्यावर दोन्ही बाजूंच्या माणसांनी भिंत ठोकून खडूने खुणा करायच्या, टेप लावून मोजायचे, फोटो काढायचे, आणि अंदाजापेक्षा १० टक्क्यांहून जास्त निघाले तर समितीच्या लेखी परवानगीनंतरच हातोडा चालवायचा. फोडून भरून झालेली भिंत मागाहून कोणालाच मोजता येत नाही.

रंगाचे क्षेत्रफळ खिडक्या धरून की वजा करून, हेही लिहावे. मोजमापासाठी भारतीय मानक १२०० (बांधकाम मोजण्याच्या पद्धतीचे मानक) लागू राहील, असे एक वाक्य घातले तरी बराच वाद मिटतो.

गच्चीच्या बाबतीत एक धोक्याचा मोह असतो, तो म्हणजे जुना कोबा न फोडता त्यावरच नवा घालण्याचा. फोडण्याचा आणि राडारोडा उचलण्याचा खर्च त्यात वाचतो. पण साडेचार इंच कोब्याचे वजन चौरस फुटाला साधारण २० किलो भरते. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर म्हणजे २० टन जादा भार, तोही तीस वर्षांच्या स्लॅबवर. तक्त्यात कोब्याची जाडी, १०० ला १ असा उतार, कठड्याच्या कडेच्या वाट्याची (कोपऱ्यात दिलेल्या गोलाईची) उंची, पाणी जाणाऱ्या तोंडांची संख्या आणि किमान ४८ तास पाणी कोंडून घ्यायची चाचणी लिहावी. सौर बंबांचे पाय आणि केबलवाल्यांच्या तारा कोण हलवणार, हेही तिथेच यावे.

याच्याइतकीच महत्त्वाची यादी ‘या कामात काय येत नाही’ याची. खिडक्यांच्या जाळ्या, कबुतरांसाठी लावलेली नेट, एसीचे बाहेरचे युनिट, बंद केलेल्या बाल्कन्या, कुंड्यांचे स्टँड: कोण काढणार, कोण परत बसवणार, गॅस गेला तर पैसे कोणाचे? पाणी-वीज कोणाची, सिमेंट कुठे ठेवायचे, कामगारांना स्वच्छतागृह कोणते? दुपारी १ ते ४ ठोकाठोकी बंद हवी असेल (पुण्यात ती हवीच असते), तर तेही आधीच सांगावे. आठ तासांच्या पाळीतले तीन तास गेले की ठेकेदाराचे वेळापत्रक आणि दर दोन्ही बदलतात.

क्रम चुकला तर चांगले सामानही वाया जाते. आधी गच्ची, मग सांडपाण्याचे व पावसाचे पाइप, मग सळया आणि काँक्रीटची दुरुस्ती, मग गिलावा व भेगा, आणि शेवटी रंग. बऱ्याच ठिकाणी रंग झाल्यावर पाइप बदलायला घेतात आणि नव्या भिंतीला क्लॅम्पची भोके पडतात. नव्या गिलाव्याला किमान ७ दिवस पाणी मारावे आणि त्यानंतर तीन आठवडे तो सुकू द्यावा. परांचीचे भाडे चढत असल्याने ठेकेदार घाई करतो. मग ओल्या गिलाव्यातला क्षार रंगावर पांढरा उमटतो आणि वर्षभरात पापुद्रे सुटतात. म्हणून हे दिवस वेळापत्रकात धरूनच मुदत ठरवावी. दिवाळीनंतर सुरू करताना मजूर गावाहून परत यायचे दिवसही धरावेत, आणि गच्ची एप्रिलअखेर संपवावी. वळवाचा पाऊस ठेकेदाराची मुदत पाहत नाही.

हप्ते तारखांना बांधू नयेत, मोजून तपासलेल्या कामाला बांधावेत. बिलातून ५ ते १० टक्के रक्कम राखून ठेवावी आणि एक पूर्ण पावसाळा गेल्यावर सोडावी. दहा वर्षांची हमी सामानाची कंपनी देते की ठेकेदार, आणि गच्चीत कोणी डिशचा खांब ठोकला तर ती टिकते का, हे सही करण्याआधी वाचावे.

काम सुरू होताना १०० चौरस फुटांचा एक नमुना सगळ्या थरांसह करून घ्यावा आणि तो मान्य झाल्यावरच पुढे जावे. ठेकेदाराला सूचना देणारा माणूस एकच असावा. बाकीच्यांनी तक्रार फाटकावरच्या वहीत लिहावी. परांचीवरच्या कारागिराला सात गॅलऱ्यांतून सात सूचना मिळाल्या की तो शेवटची ऐकतो.

वार्षिक सभेची सूचना पूर्ण १४ दिवस आधी द्यावी लागते. तिच्यासोबत कामाचा तक्ता आणि वगळलेल्या गोष्टींची यादी सभासदांना मिळावी. ते तयार नसेल तर या सभेत फक्त पाहणी व सल्लागाराच्या शुल्कापुरता ठराव करावा. मोठ्या खर्चासाठी विशेष सभा ५ दिवसांच्या सूचनेवर ऑक्टोबरमध्ये बोलावता येते, आणि परांच्या त्याआधी तशाही उभ्या राहत नाहीत.

आपले,
इमारत दुरुस्तीची मोजमापे व देखरेख करणारे दोन स्थापत्य अभियंते,
कर्वेनगर, पुणे