चोळी आतून कशी शिवली, तेही लिहा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या पुरवणीतला भारतीय फॅशनवरचा लेख वाचला. लेखाची सुरुवात १९८६ साली दिल्लीत निफ्ट ही फॅशनचं शिक्षण देणारी संस्था स्थापन झाली तिथून होते आणि पुढे बुटिक, फॅशन वीक, सेलिब्रिटींची लग्नं अशी मजल दरमजल करत तो संपतो. त्याआधी या देशात कुणी कपडा बेतलाच नाही की काय, असं वाटून फार वाईट वाटलं. माझी उभी हयात शिवणवर्ग घेण्यात गेली, म्हणून राहवत नाही.

खणाची जुनी हातशिलाईची चोळी उलटी करून बघा. खणाचा पन्हा अरुंद, म्हणून चिंधीसुद्धा वाया जाणार नाही असं बेतलेलं असतं. खणाचे काठ बरोबर बाहीच्या कडेला येतात. काखेत वेगळा तुकडा जोडलेला असतो, त्यामुळे बाई दळायला बसली काय किंवा हात वर करून वाळत घालू लागली काय, चोळी ओढली जात नाही. पुढे हूक नाही, बटण नाही, नुसती गाठ. बाळंतपणानंतर अंग भरलं तरी तीच चोळी चालायची. हे डिझाइन नाही तर काय?

पुढे १८६०च्या दशकात रवींद्रनाथ टागोरांच्या वहिनी ज्ञानदानंदिनी देवी मुंबईत राहिल्या. पारशी बायकांची साडी नेसण्याची रीत पाहून त्यांनी बंगालमध्ये नवी नेसण रुजवली, सोबत झंपर (ब्लाउज) आणि परकर आले. मग घरोघरी पायमशीन आलं आणि मुंढा, टक्स, कटोरी हे ब्लाउज बेतण्याचे शब्द बायकांच्या तोंडी बसले. आमच्या कोल्हापूरच्या भानू अथैया मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकल्या, नियतकालिकांसाठी फॅशनची रेखाटनं करता करता वेशभूषेकडे वळल्या आणि १९८३ साली 'गांधी'च्या वेशभूषेसाठी ऑस्कर मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय ठरल्या. तेव्हा निफ्ट नव्हतं!

आपण यावर एक लेखमाला चालवावी, ही कळकळीची विनंती. त्यात कपड्यांचे फोटो आतल्या बाजूनेही छापा: शिवण, बगल, दुमड, सगळं दिसू द्या. वयस्कर टेलरमास्तरांच्या मापवह्या आणि कागदी कटिंग दुकान बंद झालं की रद्दीत जातात. त्यांच्याशी आताच बोलायला हवं.

– एक निवृत्त शिवणशिक्षिका, कोल्हापूर